सीलबंद डबीतली पिन

तुर्भ्याच्या सिग्नलवर भर दुपारी पेटलेली ती मोटारसायकल मी विसरू शकलेलो नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांची आठवण आली तर आता राग येत नाही. या प्रकरणाची आली की येतो, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवरचा आहे. नावं कुणाचीच सांगणार नाही. खटला अजून चालू आहे.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. ठाण्यात फोन आला की सिग्नलवर गाडीने पेट घेतलाय, बाई भाजली आहे. आम्ही पोचलो तेव्हा एका ट्रकवाल्याने घोंगडी टाकून आग विझवली होती. घणसोली गावातलं जोडपं होतं. नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर, बायको वाशीला एका सोसायटीत आजारी म्हाताऱ्यांची देखभाल करायची. तो रोज दुपारपाळीला निघताना तिला आधी वाशीला सोडायचा, मग तुर्भ्याला कामावर परत यायचा. गाडी बारा वर्षांची जुनी, कार्बोरेटरवाली. सिग्नलला थांबल्यावर त्याला पेट्रोलचा वास आला. खाली वाकून बघतो तोवर भडका उडाला. तो उडी मारून सुटला. मागे एका अंगाला बसलेल्या तिची साडी पेटली आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले.

नवऱ्याचा जबाब मी रुग्णालयाच्या व्हरांड्यातच घेतला. "साहेब, चार दिस झालं गाडी मिस्त्रीकडं दिलती. कार्बोरेटर पुरा खोलून नवा केला बोल्ला तो. त्यानंच वाट लावली."

मला तेवढं पुरलं. गावातल्याच गल्लीत त्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. मूळचा सातारकडचा, पन्नाशीचा माणूस. आम्ही पोचायच्या आत लोकांनी त्याची पाटी तोडली होती, हत्यारं गटारात फेकली होती. मी त्याला जीपमध्ये घातलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. गुन्हा जामीनपात्र होता, तरी संध्याकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं. याचं समर्थन करता येणार नाही. बाईचे पाय बघून आलो होतो आणि कुणावर तरी ओरडायचं होतं, एवढंच खरं.

"कार्बोरेटर नीट बसवला नाहीस. कबूल कर."

"साहेब, आतलं किट नवं टाकलंय, पिन-बिन सगळं. सीलबंद डबी होती. सील गिऱ्हाइकासमोर फोडलं."

"नवा पार्ट चार दिवसांत गळतो?"

"मला पण तेच कळंना झालंय, साहेब."

मी आवाज चढवला. तो खाली मान घालून तेच सांगत राहिला. मग म्हणाला, "मला पेट्रोल आणि झाकणाच्या दोन बाटल्या द्या. त्याच खोक्यातलं दुसरं किट माझ्या गॅरेजात आहे. आणि त्यांच्या गाडीतनं काढलेली जुनी पिन पण डब्यात ठेवलीय."

तीस वर्षांत मी एक पाहिलं होतं. अपराधी माणूस सापडला की वेळ मागतो, पाणी मागतो, साहेबांशी एकट्यात बोलायचंय म्हणतो. हा पेट्रोल मागत होता. तरीही मी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या महिला हवालदार शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मागतोय ते देऊन बघू. आपलं काय जातंय?"

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पुरवणारा भाग. त्यात नखाएवढी एक पिन असते. पेट्रोल पुरेसं भरलं की पिन वर सरकते आणि तिच्या टोकाचं रबर पेट्रोल येण्याचं तोंड बंद करतं. त्या रबराने दगा दिला तर पेट्रोल थांबत नाही, वाहून थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. हे सगळं मला त्या दिवशी मिस्त्रीने शिकवलं. दोन बाटल्यांत पेट्रोल घालून एकीत जुनी पिन आणि दुसरीत नवी, अशा त्या पंचांसमोर आवाराच्या कोपऱ्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला परत बोलावून बाटल्या उघडल्या. बारा वर्षांची झिजलेली पिन होती तशी होती. नव्या पिनेचं टोक भिजलेल्या मुगासारखं फुगलं होतं, आणि नखाने दाबलं तर चिरलं. मिस्त्रीने ती पिन तळहातावर घेतली.

"म्हणजे साहेब, चांगली काढून वाईट घातली मी," तो म्हणाला. "न बदलता तशीच ठेवली असती तर बाई भाजली नसती."

मी त्याला घरी जायला सांगितलं, तेही साहेबी आवाजात. दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला. जळालेल्या गाडीतही पिनेचं टोक तसंच फुगून चिरलेलं होतं. नमुने प्रयोगशाळेत पाठवले. पण प्रश्न तिथेच होता. डबी खरी दिसत होती. निळा रंग, कंपनीचं नाव, चमकणारं स्टिकर, नंबर, सगळं व्यवस्थित. मिस्त्रीने ती वाशीच्या एका घाऊक दुकानातून आणली होती, पक्क्या बिलावर. दुकानदाराला विचारलं तर तो हात जोडून म्हणणार, मला वरून आला तसा मी विकला.

टीप आली ती आमच्या नेहमीच्या खबऱ्यांकडून नाही. तुर्भ्याच्या वस्तीतली एक बाई भाजीची पिशवी घेऊन ठाण्यात आली आणि महिला हवालदारांनाच भेटायचं म्हणाली. सिग्नलवरच्या आगीची गोष्ट वस्तीभर झाली होती.

"मॅडम, जळालेल्या गाडीत निळ्या डबीतला पार्ट होता का?" तिने विचारलं. "त्या डब्या आमीच भरतो. चार बाया. एका खोलीत बसून."

"कुठून येतो माल?"

"गोणीत येतो, सुट्टा. आमी मोजून डबीत घालायचं, वरून स्टिकर लावायचं. आमाला वाटलं कंपनीचंच काम हाय." तिने पिशवी जवळ ओढली. "माजा भाऊ पण गाडीवरच कामाला जातो, मॅडम. झोप लागत नाही मला."

तिचं नाव आम्ही कागदावर कुठेच येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच घेऊन त्या खोलीवर छापा घातला. गोण्यांमध्ये पिना, जेट, गॅस्केट, रबराच्या रिंगा खच्चून भरलेल्या. जेट म्हणजे बारीक भोकाची पितळी नळी. इथल्या जेटवर नखाने खरवडलं की सोनेरी मुलामा निघत होता आणि खाली राखाडी धातू दिसत होता. स्टिकरचे गठ्ठे सापडले. खऱ्या डबीवर प्रत्येक स्टिकरचा नंबर वेगळा असतो. इथे गठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर एकच नंबर होता, आणि मिस्त्रीच्या गॅरेजातून आणलेल्या डबीवरही तोच. आमच्यापैकी कुणीही तोवर तसली दुसरी डबी तिच्याशेजारी ठेवून बघितली नव्हती. खोलीचं भाडं वाशीच्या त्या दुकानदाराचा माणूस भरत होता.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. बसायच्या आधी खुर्ची रुमालाने पुसली.

"साहेब, मी स्वतःच फसलोय. माझा माणूस माझ्या पाठीमागे काय करतो, मला काय माहीत? आणि एवढुसा पार्ट, खरा की खोटा हे मला कसं कळणार? मी काय इंजिनीयर आहे?"

तीन तास तो याच वाक्यावर ठाम राहिला. वकील बाहेर बसलेले. मला ठाऊक होतं की कोर्टातही हेच वाक्य चालेल. माल खोटा होता हे आम्ही सिद्ध करू, पण तो खोटा आहे हे *याला* माहीत होतं, हे कसं सिद्ध करणार?

तो सुटतो की काय अशी वेळ आली तेव्हा मिस्त्री ठाण्यात आला होता, जबाबावर सही करायला. हवालदारांशी बोलताना तो म्हणाला, "शेठ स्वतः जुनीच गाडी चालवतात. दुकानासमोर उभी असते, कार्बोरेटरवाली. तिच्यात काय टाकलंय तेवढं बघा की."

त्यासाठी कायद्याचं फार डोकं लागत नव्हतं. मला सुचलं नव्हतं, त्याला सुचलं.

गाडी रीतसर ताब्यात घेतली. मोटार वाहन निरीक्षकांनी पंचांसमोर कार्बोरेटर खोलला. आतली पिन कंपनीची, जेट अस्सल पितळेचे, त्यांवरचे आकडे स्पष्ट कोरलेले. झडतीत त्याच्या दुकानाच्या खणात अधिकृत विक्रेत्याची पावती मिळाली, त्याच्याच नावावर, त्याच गाडीच्या किटची. घाऊक दुकानात तसल्या किटच्या शेकडो डब्या पडलेल्या असताना हा माणूस स्वतःच्या गाडीसाठी दुसऱ्याच्या दुकानात जाऊन विकत घेत होता.

मी पावती त्याच्यासमोर ठेवली.

"तुम्हाला कसं कळणार, असं म्हणत होतात ना?"

त्याने पावतीकडे पाहिलं, मग दाराकडे. घाम आला नाही, रडला नाही. फक्त आवाजातला गोडवा गेला. "साहेब, गिऱ्हाईकालाच स्वस्त हवं असतं. मी नाही दिलं तर शेजारचा देईल."

"तुमच्या गिऱ्हाइकाने अस्सल म्हणून घेतलं. डबीवर तसं लिहिलं होतं."

"लोक वाचतात कुठे, साहेब?"

मी खुर्ची मागे ढकलून उठलो. हवालदार मध्ये आल्या नसत्या तर मी काय केलं असतं, ते इथे लिहिणं बरं दिसणार नाही. बाहेर जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिलो. अटक, जबाब, मुद्देमालाचा पंचनामा, सगळं पुढे रीतसर झालं. गुन्ह्यात फसवणूक आणि बनावट मालाची कलमं वाढली. मिस्त्रीवरचा आरोप काढला, तो आता आमच्या बाजूचा साक्षीदार झाला.

त्यानंतर मी रुग्णालयात गेलो, भाजलेल्या बाईला सांगायला. खरं तर शाबासकीच्या आशेने गेलो होतो. ती उशाला टेकून बसली होती, पायांवर पट्ट्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिस्त्रीला तरास दिला का तुमी?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्यानं आमच्या म्होरं सील फोरला. माज्या हातात डबी दिली, बोल्ला, वैनी, बघा, कंपनीची हाय. ती डबी माज्या पिशवीत व्हती. मी पयल्या दिसाला सांगितला असता. कोनी इचारलाच नाय मना."

खरं होतं. पहिल्या दिवशी ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली होती. नवऱ्याचा जबाब झालाय, तिला वेगळं काय माहीत असणार, म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला. दुकानदाराला वाटत होतं की लोक डबीवरचं वाचत नाहीत. तिने वाचली होती, जपूनही ठेवली होती. मीच तिला माणसात धरलं नव्हतं.

दुकानदार जामिनावर सुटला. काही महिन्यांत त्याच बाजारात, दुसऱ्या नावाची पाटी लावून पुन्हा गल्ल्यावर बसला. मिस्त्रीची पाटी मात्र गावात परत लागली नाही. नवऱ्याने जाऊन त्याची माफी मागितली, गटारातून काढलेली हत्यारं धुऊन परत दिली. पण मिस्त्री आता कार्बोरेटर खोलत नाही. पंक्चर काढतो, चेन बदलतो.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला म्हणून गेलो. माझी साक्ष झाल्यावर ती पिंजऱ्यात उभी राहिली, एक पाय आखडलेला, कठड्याला धरून. आरोपीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला गाडीच्या पार्टमधलं काय कळतं?"

"काय बी कलत नाय," ती म्हणाली. "म्हनून तर डबीवर लिवलेला खरा मानला."

वकिलांनी पुढचा कागद उचलला. मला मात्र तिथे बसून एवढं उमगलं की तीस वर्षं मी ज्याला तपास म्हणत होतो, त्यात मी फार वेळा फक्त मोठ्याने बोलणाऱ्यांचंच ऐकलं. या प्रकरणात ज्यांना काहीतरी ठाऊक होतं ती सगळी माणसं गप्प बसवलेली होती: डब्या भरणारी बाई, बाकावर बसवलेला मिस्त्री, खाटेवर पडलेली ती. त्यांना आधी विचारलं असतं तर दुकानदाराला आठवडाभर आधी धरलं असतं, आणि त्या आठवड्यात त्याने किती डब्या विकल्या असतील, कुणाकुणाच्या गाडीत त्या पिना बसल्या असतील, हे आजही कुणी मोजलेलं नाही.