ट्रेमधलं वीतभर आतडं

काढलेलं वीतभर आतडं ट्रेमध्ये घेऊन मी ऑपरेशन थिएटरच्या दारात आले. मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ असलेल्या पेशंट सुमनताई आत भुलीखाली होत्या. बाहेर त्यांचे भाऊ सुभाषराव. कसबा बावड्यात मटणाचं दुकान.

काढलेला भाग नातेवाइकाला दाखवायचा आणि रजिस्टरवर सही घ्यायची, ही आमच्याकडची पद्धत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तर ती हवीच. पोटावर चार बारीक छिद्रं आणि दोन इंचांची एक चीर, एवढंच दिसतं. आत काही मोठं केलंय यावर लोकांचा विश्वास बसत नाही. थिएटरची इनचार्ज नर्स म्हणून हे काम माझ्या यादीत. मी पेन पुढे केलं.

त्यांनी ते घेतलं नाही.

"सिस्टर, ह्यात गाठ कुठं हाय?"

"आत आहे. बाहेरून दिसत नाही."

"दिसत न्हाय, पण हाताला लागंल की. जलम गेला आमचा आतडी धुण्यात. जरा दाबा बघू."

मी दाबलं. वरचं टोक मऊ. मधला भाग मऊ. अगदी खालच्या कापलेल्या काठाशी कडक लागलं.

"सही नंतर घेते," म्हणून मी आत वळले. सर्जन सरांची आतड्याची उरलेली दोन टोकं जोडायची तयारी झाली होती.

"सर, जोडायच्या आधी हे उघडून बघाल? गाठ काठावर लागतेय."

"शाईच्या खाली कापलंय मी. कोण म्हणतं?"

"पेशंटच्या भावाने दाबायला लावलं. मटणवाले आहेत."

"आता तेवढंच राहिलं होतं," सर म्हणाले. पण थांबले.

दुर्बिणीतून आतडं बोटांनी चाचपता येत नाही. म्हणून आधीच्या तपासणीत, कोलोनोस्कोपीत, गाठीजवळ काळी शाई टोचून ठेवतात. ती गाठीच्या खाली असणार, हा सरांचा हिशेब. इथे बाहेरच्या सेंटरने वर टोचली होती. रिपोर्टात फक्त 'शाई टोचली' एवढंच.

असिस्टंटने आतडं उभं चिरलं. गाठ काठापासून जेमतेम नखभर; तिच्या खालचं दोन इंच तरी निरोगी आतडं निघायला हवं. सरांनी खालचं आणखी दोन इंच काढलं, मग जोडलं.

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. सुभाषराव ऐकून घेऊन म्हणाले, "ते दोन इंच बी दाखवा. मग सही."

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. पहिल्या काठापर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. नवा काठ स्वच्छ होता. दोन्ही गोष्टी सरांनी सुमनताईंना स्वतः सांगितल्या.

आता शाई वर की खाली, हे मी भूल देण्याआधी कोलोनोस्कोपीच्या सेंटरला फोन करून विचारते. आणि काढलेलं आतडं थिएटरमध्येच उघडून बघतो, मग बाहेर नेतो. आधी नातेवाइकांना दाखवायचं आणि स्वतः मात्र उघडून बघायचं नाही, अशी आमची इतकी वर्षं उलटी पद्धत होती.