पुढे धावणारी पेन्सिल

आमच्या लघुलेखनाच्या बाईंना स्वस्थता ठाऊक नव्हती. तीस वर्षं कोर्टात खुर्चीला खिळून काढली, त्याचं उट्टं त्या निवृत्तीनंतर आमच्यावर काढत होत्या. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही सात मुली, आणि बाई दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत मजकूर सांगायच्या. एक वाक्य संपतंय तोवर दुसरं सुरू. शब्द ओळखीचा नसला की पेन्सिल अडखळते, म्हणून त्या गॅरेजात, दवाखान्यात, जमीनमोजणीच्या कचेरीत जाऊन शब्द गोळा करून आणायच्या. क्लचप्लेट, शवविच्छेदन, गहाणखत. प्रत्येकाला एकेक खूण ठरलेली, आणि ती पन्नासदा गिरवल्याशिवाय सुटका नाही. गॅरेजवाला तर म्हणे बाई दिसल्या की पाना खाली ठेवून हात जोडायचा.

त्यांची सगळ्यात लाडकी खूण होती 'हे खोटं आहे' याची. एक बाक, खाली टिंब. उलटतपासणीच्या शेवटी वकील आरोपांची माळ लावतो आणि साक्षीदार प्रत्येकाला नाहीच म्हणतो. तेव्हा प्रश्न संपता संपता ती खूण टाकून मोकळं व्हायचं, तेवढाच हाताला दम मिळतो, असं बाई शिकवायच्या. याच युक्तीवर मी मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा पास झाले आणि कोर्टात लागले. पहिले सहा महिने कच्ची नोकरी, चूक झाली की घरी. आणि घरात कमावणारी मी एकटी.

तिसऱ्या आठवड्यात गोदामाच्या आगीचा खटला आला. आत एक हमाल जळून गेला होता. आरोपी गोदामाचा मालक, आणि साक्षीला तिथला रखवालदार. मालकाचे वकील कागदावरून वाचत होते. तुम्ही मालकांवर डूख धरून आहात, तुम्ही कामावर झोपला होतात, बाहेरून कडी तुम्हीच लावलीत. मी बाक-टिंब, बाक-टिंब टाकत गेले. कडीच्या प्रश्नाला रखवालदार जरा थांबला आणि खाली बघत "हो" म्हणाला. तोवर वकिलांनी पान उलटलं होतं, न्यायाधीश घड्याळ बघत होते आणि माझं टिंबसुद्धा पडलं होतं. टाइप केलेल्या जबानीवर त्याने न वाचताच सही केली.

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर हमालाच्या मरणाचं खापर भलत्याच माणसावर. संध्याकाळी मी बाईंकडे गेले. खरं सांगते, त्यांनी 'गप्प बस' म्हणावं म्हणूनच गेले होते. बाईंनी सगळं ऐकलं, खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"तू ऐकलंस ना?"

"हो, बाई."

"मग उद्या सांगायचं. मी येते बरोबर."

सकाळी न्यायाधीशांच्या खोलीत बाईंनीच तोंड उघडलं. ही खोड माझी आहे, पोरीने फक्त शिकवलेलं केलं, असं त्यांनी सांगून टाकलं. न्यायाधीश म्हणाले, खोड कुणाचीही असो, हात हिचा आहे. रखवालदाराला पुन्हा बोलावलं आणि कडी कुणी लावली होती ते विचारलं.

"मीच. कालच सांगितलं होतं, साहेब," तो म्हणाला. "पण तुम्ही सगळे पुढे गेला होतात."

माझे कच्चे सहा महिने वर्षाचे झाले आणि फाइलीत एक शेरा लागला. जिवावरचं शेपटावर निभावलं. धावतच मी बाईंना सांगायला गेले, तर त्या कोर्टाने रद्दीत काढलेल्या आपल्या जुन्या वह्या चाळत होत्या. पुष्कळ होत्या. पान उलटायच्या, बोट फिरवायच्या, पुन्हा उलटायच्या. माझी बातमी त्यांच्या कानावर पडली की नाही, देव जाणे. पानोपानी बाक आणि टिंब, बाक आणि टिंब.

मला त्यांची दया आली. म्हटलं, बाई, त्यातले बहुतेक लोक खरंच नाही म्हणाले असतील.

"बहुतेक," बाई म्हणाल्या आणि वही माझ्यापुढे धरली. "उरलेले कुठले, तेवढं सांग."

वहीत बघून ते कुणालाच कळणार नव्हतं. त्यांनी पुढची वही ओढली.