घरात चालणारा कॅमेरा

बाजारात बसल्यावर धोंडूबाई आधी पाटीवरचं फडकं काढायच्या, मासळीवर पाणी शिंपडायच्या आणि भवानी व्हायच्या आधी पदराला हात पुसून मोबाइलवर नवऱ्याचं तोंड बघायच्या. गिऱ्हाईक उभं असलं तर ते थांबायचं. धर्मा ओटीवरच्या खुर्चीत बसलेला दिसला की "हाय जिता," असं म्हणून त्या कोयता उचलायच्या.

धर्माचं डावं अंग लुळं पडलं होतं, पण ही बातमी त्याच्यापर्यंत अजून नीट पोचली नव्हती. होडी लागल्याचा आवाज आला की तो काठी घेऊन निघायचा. एकदा जेटीच्या पायरीवर कोसळला. तेव्हा मुलानं, निकेशनं, ऐरोलीहून येऊन घरात कॅमेरे बसवून घेतले आणि आईला अट घातली: कॅमेरा दिसतोय तोवर बाजार. दिसेनासा झाला तर दोघांनी गुपचूप ऐरोलीच्या फ्लॅटवर यायचं.

ऐरोली धोंडूबाईंनी बघून ठेवली होती. सून दिशानं त्यांना राणीसारखं ठेवलं होतं. पण त्यांनी गॅलरीत बोंबील वाळत घातले आणि सोसायटीच्या ग्रुपवर गॅस गळतोय का, अशी चर्चा सुरू झाली. "वर जायला लिफ्ट, खाली यायला लिफ्ट, आन भांडायला कोन नाय," आपल्या दिवाळे गावी परतल्यावर त्यांनी सांगितलं. सासूमागून पाटी घेऊन त्या ज्या बाजारात शिकल्या, तिथे भांडण म्हणजे धंद्याचं अर्धं भांडवल होतं.

पुढे निकेशनंच घोळ केला. गावातल्या केबलवाल्याचं इंटरनेट सारखं रडतं म्हणून त्यानं नव्या कंपनीचं घेतलं. घरात ते वाऱ्यासारखं धावू लागलं. बाजारात मात्र मोबाइलवर नुसतं चक्र फिरायचं. तेही रोज नाही. मधूनच एखाद्या दिवशी धर्मा लख्ख दिसायचा, नाकात घातलेल्या बोटासकट. मग काही दिवस पुन्हा चक्र.

निकेशला ऐरोलीहून तर कधीच दिसत नव्हतं.

"आई, मला एकदापण दिसला नाही. तुला कसा दिसतो? बाजार सुटू नये म्हणून फेकतेयस तू."

"तुझं डोलं कंपनीन गेलं. मना दिसतंय."

"रोज?"

"गिऱ्हाईक हाय," असं म्हणून धोंडूबाईंनी फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं.

कॅमेरे बसवणारा सुयश दोन-तीनदा बघून गेला. तो ओटीवर उभा राहायचा, आपला मोबाइल घरच्या वायफायला जोडायचा आणि म्हणायचा, "मावशी, एकदम क्लिअर."

"घरान मना डोल्यांनी दिसतंय रं. तिथं कॅमेरा कनाला?"

सुयशनं वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. त्याच्या धंद्यात याला सर्व्हिस म्हणतात.

शेवटी एका रविवारी निकेश स्वतःच बाजारात येऊन आईसमोर उभा राहिला. त्या बाजारात जागा कुणाच्या बापाची नसते, पाळी असते. आज रस्त्याकडच्या ओळीत बसलेली बाई उद्या मागच्या भिंतीला जाते आणि मग रोज एक ओळ पुढे सरकते. त्या दिवशी धोंडूबाईंची पाळी रस्त्याकडची, म्हणजे कमाईची होती. त्यांनी मोबाइल काढून मुलापुढे धरला. चक्र फिरत राहिलं.

"बस झालं आई," निकेश म्हणाला. "सामान भर."

धोंडूबाईंनी वरची पापलेटं उगाच खाली केली आणि खालची वर.

अट अख्ख्या बाजाराला माहीत होती. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या पुतळाबाईनं हाक मारली, "अगो, आन इकरं तो फोन. भितीला रेंज बरी येते."

मोबाइल ओल्या हातांतून मागे गेला. पुतळाबाईनं डोळे बारीक केले.

"दिसला गो तुझा दादला. बनियनवर बसलाय." मग निकेशकडे वळून, "बघ रं, तुझा बापूस माझ्या हातान आला का दिसतो. तवाच माझ्या बापाचा ऐकून माझ्याशी लगीन केला असता त्यानं, त कॅमेरा लागला नसता."

"ने की मंग," धोंडूबाई पुढून म्हणाल्या. "काठी पन ने. आन दोन टायमाच्या गोल्या."

अख्खा बाजार हसला. निकेश तेवढा हसला नाही. तो मोबाइल घेऊन भिंतीपासून रस्त्याकडे चालत आला. मधल्या ओळीत बाप गोठला, पुढे आल्यावर गायब झाला. परत भिंतीपाशी गेल्यावर उगवला. मग त्यानं मान वर करून बघितलं. भिंतीपलीकडे त्यांच्याच घराची मागची खिडकी होती आणि खिडकीत नव्या कंपनीचा डबा लुकलुकत होता. भिंतीपाशी आईचा फोन घरचं वायफाय पकडत होता. म्हणजे भिंतीच्या पाळीला आई खरं बोलत होती, आणि इतर दिवशी निम्मं.

त्यानं तिथूनच सुयशला बोलावलं. दोघांनी नव्या कंपनीला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. जुन्या केबलवाल्यानं घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता दिला होता. बाहेरचा मोबाइल थेट त्या पत्त्यावर जायचा. नव्या कंपनीनं बऱ्याच घरांना मिळून एकच पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून आलेल्याला कुठलं दार वाजवायचं तेच कळत नव्हतं. सुयशनं घरी जाऊन कॅमेऱ्याची दुसरी सोय चालू केली. आता कॅमेराच बाहेर जाऊन आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर चित्र देणार आणि मोबाइल ते तिथून घेणार.

"म्हंजे पाटी घेऊन दारोदार," धोंडूबाई म्हणाल्या. "हा आधी नाय सुचला?"

सुयशनं या वेळी घरात क्लिअर म्हणायची हिंमत केली नाही. तो रस्त्याच्या कडेला येऊन, वायफाय बंद करून उभा राहिला. निकेशनंही आपला मोबाइल उघडला. चक्र फिरलं, थांबलं. ओटीवर धर्मा चपलेत भलताच पाय घालत होता.

"आई, दिसतोय," निकेश म्हणाला. मग मोबाइल खिशात घालत, "बरं. ऐरोलीचं राहू दे."

धोंडूबाईंनी मोबाइलकडे बघितलंही नाही. समोर एक बाई पापलेटाचे कल्ले उचकून बघत होती.

"कापू कशी ताई?" त्यांनी विचारलं. "कालवनाला का तलायला?"