आवाजांची जागा

घशाच्या दवाखान्यात सगळे त्याला ‘तिजोरी’ म्हणत. त्याच्या हवाली केलेली वस्तू हरवत नाही, अशी त्याची ख्याती. शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार असे, ते आधी तिथल्या छोट्या खोलीत बसून बोलून ठेवत. कुणी नातवंडांना हाका मारी, कुणी मेव्हण्याला मनसोक्त शिव्या देई. ते सगळं कॉम्प्युटरवर सांभाळणं हे त्याचं काम. त्याच्या बायकोनंही तिथंच बोलून ठेवलं होतं. “मी आहे तोवर ऐकायचं नाही हं,” असं तिनं बजावलं होतं, म्हणून त्यानं ते कधी ऐकलं नव्हतं.

एका सकाळी जुनं मशीन जळून बंद पडलं ते पडलंच. त्यानं नवं मशीन लावलं आणि बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा करायला बसला. बॅकअप प्रत्येक फाइल जुन्याच डिस्कवर ठेवू पाहत होता, आणि ती डिस्क तर राहिलीच नव्हती. मग त्यानं एकेका फाइलला नवी जागा नेमून दिली. दुपारपर्यंत नावं, तारखा, सगळं पडद्यावर जिथल्या तिथं आलं. त्यानं एक नाव दाबलं. आवाज नाही. दुसरं दाबलं.

“स्पीकर बंद असेल,” नर्स म्हणाली.

स्पीकर चालू होता. आवाजाच्या फाइली फार जड होतात म्हणून मागे त्यानंच त्या वेगळ्या डिस्कवर हलवल्या होत्या. डेटाबेसमध्ये उरला होता नुसता त्यांचा पत्ता. त्या डिस्कचीही प्रत काढायला बॅकअपला सांगायचं मात्र राहून गेलं होतं, आणि हलवण्याआधीचे बॅकअप केव्हाच पुसले गेले होते. ती डिस्कही त्याच मशीनमध्ये जळाली होती. दुरुस्तीवाल्यानं ती उघडून पाहिली आणि नुसती मान हलवली.

घरोघरी फोन त्यानं स्वतःच केले. एक म्हातारे म्हणाले, “म्हणजे आमची ही दुसऱ्यांदा गेली म्हणायची.”

घरी बायको भाजी चिरत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिनं विळी बाजूला सारली, त्याला शेजारी बसवलं.

“काय बोलली होतीस गं त्यात?”

ती थोडा वेळ आठवत राहिली. मग नुसते ओठ हलवत सावकाश सांगू लागली. एरवी त्याला तिचं सगळं कळे. आज डोळे भरून आले होते, ओठ नीट दिसत नव्हते. तरी तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिला.