बोटांनीच सोडणार

आसगावहून पवनीच्या मैदानावर तिरंदाजी शिकायला जाऊ लागले, तेव्हा मी दोन लेकरांची आई होते. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची दोरी मी बोटांनी ओढत असे. बाकी सगळे रिलीज वापरत. मनगटाला पट्टा, त्याला दोरीत अडकवायचा हूक आणि एक बटण. ते दाबलं की बाण सरळ सुटतो.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात राबून माझी बोटं चिरली. चामड्याचा तुकडा लावूनही दोरी झोंबायची. ते पाहून प्रशिक्षकांनी स्वतःचा रिलीज माझ्या मनगटावर बांधला. माझे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात एकमेकांना खेटून बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा सोडून परत दिला.

"काहून ताई? एवढं चांगलं मारून राहिल्या ना!"

"सर, बाण कधी सुटला ते मले समजलंच नाही. दोरी माह्या बोटातून सुटली पाहिजे."

"मंग जिल्ह्याचं मेडल विसरा."

"विसरली."

स्पर्धेत मी खरंच खूप खाली राहिले. नवरा म्हणाला, "आता तरी घेशीन का ते मशीन?"

"नाही."

घरात, शेतात मी काय करायचं ते आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. हे मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मैदानावर गेले, बोटांना पट्टी गुंडाळली आणि दोरी ओढली. बाण कडेच्या पांढऱ्या वर्तुळात गेला. मी दुसरा लावला.