सलाईनचं चाक

निम्मी वाट सरली आणि सिंधुबाई उसाच्या बांधावर बसल्या. दर अमावस्येला आम्ही दोघी शेजारणी कळसहून माळावरच्या बिरोबाला पायी जायचो. मी त्यांना मावशी म्हणते.

"दमलात, मावशी?"

"म्या? सारा जल्म मेंढरामागं हिंडले. धापा तर तू टाकतीयास!"

हसल्या, पण ते हसू ओठावरच राहिलं. मनिषा गेल्यापासून त्यांचं असंच चालतं.

मेंढरं होती तेव्हा आजारी मेंढीला सुई टोचायचं काम मावशींच्या हातात असायचं. औषध जेवढं झटकन अंगात, तेवढी मेंढी लवकर उठणार, हे त्यांच्या मनात पक्कं. वाड्यावस्त्यांवरून लोक त्यांना बोलावून न्यायचे.

मनिषा त्यांची एकुलती लेक, माळेगावला दिलेली. जावई गोकुळ कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस ओढतो. हिवाळ्यात तिचा ताप डोक्यात गेला. पोटच्या पोरालाही ओळखेना, म्हणून बारामतीच्या दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले, विषाणू मेंदूत शिरलाय, इंजेक्शन शिरेतूनच द्यावं लागेल. मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा श्रेया नावाची नर्स मावशींना समजावत होती.

"हे औषध सलाईनमधून तासभर, सावकाशच जायला पाहिजे. भरभर गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात. लघवी कमी वाटली तर लगेच सांगा. आणि नळीवरच्या ह्या चाकाला कुणी हात लावायचा नाही."

मावशींनी मान डोलावली होती.

दोन-तीन दिवसांनी मनिषानं डोळे उघडले, "आये" म्हणाली. मी घरी देवापुढं साखर ठेवली. पण लगेच तिची लघवी बंद झाली, अंग सुजलं. डायलिसिस केलं, तरी पोर हाती लागली नाही. डॉक्टर म्हणाले, आजार मोठाच होता, त्यात औषध भरभर गेलेलं दिसतं. गोकुळनं सगळ्या वॉर्डासमोर श्रेयाला नाही नाही ते सुनावलं. तिला कामावरून घरी बसवलं.

बांधावर मावशी पदराचं टोक पिळत राहिल्या. मग माझ्याकडं न बघताच बोलल्या.

"ती पोरगी दुसऱ्या खाटंकडं वळली की चाक म्या ढिलं करायची. थेंब थेंब बघून जीव जळायचा गं. आन् ध्यानात येऊ ने म्हनून परत आवळायची. मनीनं आये म्हनून हाक मारली तवा वाटलं, माज्याच हातानं उठली लेक."

आजार मोठा होता म्हणावं, तर ते त्यांना पोचलं नसतं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले.

"गोकुळ उद्या त्या नर्सवर पोलिसात केस करनार हाय," त्या म्हणाल्या. "तिचं लगीन ठरलंय म्हनं. कुनाची तरी लेकच की ती."

"मग, मावशी?"

"आज बिरोबा ऱ्हाऊ दे. माज्यासंगं माळेगावला चल. जावई शिव्या दील, नातवाला दावनार न्हाय, त्याचं त्यो बघंल. म्याच सांगनार हाय त्याला. पर सांगता सांगता माजी वाचा बसली, तर पुढचं तू सांग, बाई. चाकावर हात माजा व्हता, एवढं तरी सांग."