शेजारणीचं आमीन

यंदाच्या लेंटमध्ये मी देवासमोर बसणार नाही, असं मनाशी जवळजवळ ठरूनच गेलं होतं. ईस्टरच्या आधीचे, ख्रिस्ताचं दुःखसहन आठवत, उपास आणि प्रार्थनेत घालवायचे हे दिवस. पण दुःख आठवायला मला वेगळ्या दिवसांची गरज उरली नव्हती. नाताळाच्या तोंडावर माझे पती गेले. सकाळी त्यांनी चहा मागितला आणि मी तो घेऊन बाहेर येईपर्यंत ते नव्हते. त्यानंतर मी देवावर रागावले, असंही नाही. राग असता तर निदान बोलणं झालं असतं.

आमच्या घरात रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. बोलायचे ते. मी बाजूला बसून शेवटी आमेन म्हणायची. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. मी शाळेत ग्रंथपाल होते, पुस्तकांतली पुष्कळ वाक्यं मला पाठ आहेत, पण देवाशी मोठ्यानं बोलायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ते गेल्यावर संध्याकाळ व्हायची, मी त्यांच्या खुर्चीसमोर बसायची, आणि आमेन म्हणावं असं आधी कुणी काही बोललेलं नसायचं. हळूहळू बसणंही सुटलं. स्वयंपाक तर केव्हाच सुटला होता. चहा-बिस्किटांवर दिवस निघायचा. चर्चच्या मंडळीतल्या बायका डबे घेऊन आल्या, तेव्हा ‘पोट बरं नाही’ म्हणून मी ते दारातूनच परत केले. त्यांच्या नजरेतली कीव मला सोसवत नव्हती. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, लोणावळ्याच्या चर्चमध्ये उपासना होती. मी साडी बदलून कुसगावच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा आली, थांबली. मी मान हलवून तिला जाऊ दिलं आणि घरी परतले.

दुसऱ्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. संध्याकाळी दार वाजलं. भिंतीला भिंत लागून घर असलेल्या शमीमभाभी झाकलेलं ताट घेऊन उभ्या होत्या.

“बाई, तुमचे बी उपास लागले ना? आमचे बी लागले. चला, बरोबर सोडू.”

मी काही बोलायच्या आत चपला काढून त्या आत आल्या. “एकटीनं रोजा सोडायचा म्हंजे घास उतरत न्हाई. आमचे मालक वडगावला दुकानात, पोरगं हाटेलात. मी काय भिंतीसंगं बोलू?”

दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या बाईला, माझा उपास नाही, माझी फक्त भूक गेली आहे, हे कसं सांगावं ते मला सुचेना. अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायल्या. पण ताटावरचा हात काढला नाही.

“करा तुमची प्रार्थना.”

“तुम्ही सुरू करा ना, भाभी.”

“आसं कसं? देवाचं नाव घेतल्याबिगर तुमच्याकडं जेवत न्हाईत, सायब सांगायचे मला. उरका लवकर, भजी गार होत्यात.”

मी डोळे मिटले. ‘प्रभू,’ एवढं म्हटलं आणि पुढं शब्द सापडेनात. समोर एक भुकेली बाई माझ्यासाठी थांबली होती. शेवटी मी म्हणाले, “प्रभू, हे अन्न दिलंस. मी इथेच आहे.”

“आमीन,” शमीमभाभी म्हणाल्या.

मी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्या भजी वाढत होत्या. “लयच बारकी हो तुमची प्रार्थना! सायबांची केवढी लांब असायची. भिंतीपल्याडनं ऐकता ऐकता माझी भाकर करपायची.”

ते गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडलेही. भाभींनी चटणी पुढं सरकवली.

मग त्या रोज येऊ लागल्या. माझी प्रार्थना दोन वाक्यांची चार वाक्यं झाली. एकदा त्यांनी त्यांच्या मुलाच्या पक्क्या नोकरीसाठी मागायला सांगितलं, मी मागितलं. एका संध्याकाळी माझ्या तोंडून यांचं नाव आलं आणि पुढं बोलवेना. भाभी ताटावर हात ठेवून थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं मी पुढचं वाक्य म्हटलं, आणि मग त्यांचं आमीन आलं. दुपारचं बिस्किटही मी आपोआप सोडलं होतं.

ईद लेंट संपायच्या आधीच आली. शीरखुर्म्याचा वाडगा आला, आणि रोजे संपले. दुसऱ्या संध्याकाळी अजान ऐकून मी सवयीनं दार उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. खुर्चीसमोर अंधार साचत गेला. पुन्हा त्याच मुकेपणात आपण परत जाणार, अशी धास्ती वाटली. मग उठून दिवा लावला, फळीवरचा कुकर काढला, डाळ-तांदूळ धुतले.

पहिली शिट्टी झाली आणि अंगणातून आवाज आला, “वाजली एकदाची!”

शमीमभाभी दारात उभ्या होत्या. “सायब गेल्यापासनं ही शिट्टी ऐकली नव्हती.”

मला राहवलं नाही. “भाभी, त्या पहिल्या दिवशी माझा उपास नव्हता.”

“म्हाईत हाय मला. डबे आननाऱ्या बायांना तुमी दारातनंच परत धाडलंत, ते बी बघितलं व्हतं. दुःखाचं ताट तुमी घेतलं नसतं. रोज्याचं ताट कोन परत करत न्हाई.” पाहुणे वाट पाहताहेत म्हणत त्या लगबगीनं गेल्या.

मी पान वाढून घेतलं. मोठ्यानं प्रार्थना केली. शेवटी क्षणभर थांबले. भिंतीपलीकडे फक्त भांड्यांचा आवाज होता. मग माझं आमेन मीच म्हटलं.

देवाच्या सान्निध्यात टिकून राहणं हे माझं काम, असं मी समजत आले होते, आणि ते मला जमलं नव्हतं. मी रिक्षा परत पाठवली होती, डबे परत पाठवले होते. तरी कुणीतरी दिवसभराची तहान घेऊन माझ्या दाराशी आलं, मी बोलेपर्यंत थांबलं. याहून जास्त मला काही सिद्ध करायचं नाही. ज्यानं भाभींना धाडलं, त्याचे मी आभार मानते. आणि त्याच्या हाती मी आता माझं मुकेपणही देऊ शकते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी दिवसभर उपास केला. चर्चमध्ये दुपारच्या उपासनेला जाऊन आले. सूर्य डोंगराआड गेल्यावर खिचडीचं ताट झाकून शेजारचं दार वाजवलं.

“भाभी, चला, बरोबर सोडू.”

त्यांनी पदरानं हात पुसले, ताटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी बोलू लागले.